फर्स्ट एमबीबीएसला पेशंटच्या तक्रारीतून शिकवायचं कसं? नव्या मेंटॉरसाठी पायऱ्या

फर्स्ट एमबीबीएसचा विद्यार्थी हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनचा तो एस आकाराचा वक्र डोळे मिटून काढतो. त्यालाच मेडिसिनच्या ओपीडीत बसलेल्या एखाद्या बाईंसमोर उभं करा आणि विचारा, "यांना घरात बसून काही होत नाही, पाण्याची कळशी घेऊन चढ चढताना मात्र धाप लागते, ती का?" बहुतेक वेळा तो गप्प होतो. उत्तर त्याच्या वहीत असतं. वहीतल्या वक्राची आणि त्या कळशीची गाठ कुणी घालून दिलेली नसते, एवढंच.

२०१९ पासून आपल्याकडे सक्षमतेवर आधारित अभ्यासक्रम आला आणि पहिल्याच वर्षी 'अर्ली क्लिनिकल एक्स्पोजर', म्हणजे सुरुवातीपासूनच पेशंटशी गाठ, वेळापत्रकात बसलं. पुढे कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रमही आला. म्हणजे वेळ आहे, जागाही आहे. पण शंभर-दीडशे मुलांना हॉलमध्ये बसवून स्लाइडवर केस दाखवली, तर ते आणखी एक लेक्चर होतं. ज्यांच्याकडे चार-सहा मुलांचा गट सोपवला जातो, त्या ट्यूटर, रेसिडेंट, इंटर्न आणि सीनियर विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे.

सगळ्या पद्धतीचा कणा एकच: पेशंटचं वाक्य जसंच्या तसं घ्यायचं, निदान झाकून ठेवायचं, आणि "असं का होतं?" विचारत पेशीपर्यंत उतरून पुन्हा पेशंटपर्यंत वर यायचं.

## आधी काय जमवायचं

- गट चार ते सहा जणांचा. आठच्या पुढे गेला की दोघं बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात.
- तीन भेटी: पहिली ७५ मिनिटांची, दोन-तीन दिवसांनी दुसरी ६० मिनिटांची, आठवड्याच्या शेवटी तिसरी ३० मिनिटांची.
- तुमच्या विभागप्रमुखांची परवानगी, वॉर्ड किंवा ओपीडीच्या युनिटप्रमुखांची परवानगी, आणि इन्चार्ज सिस्टरांना आदल्या दिवशी दिलेली कल्पना. सिस्टरांना न सांगता जाऊ नका; इंजेक्शनच्या, ड्रेसिंगच्या किंवा जेवणाच्या वेळी पोरं आडवी आली की पुढच्या वेळी दार बंद होतं.
- प्रत्येकाकडे कागदाची वही, सेकंद काटा असलेलं घड्याळ, गटात एक स्टेथोस्कोप आणि एक बीपीचं यंत्र.
- तुमच्याच हॉस्पिटलच्या लॅबची नॉर्मल मूल्यांची यादी. पुस्तकातली आणि लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते आणि मुलं त्यात अडकतात.
- अॅनाटॉमी, फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीची प्रत्येकी एक पाठ्यपुस्तकाची प्रत, टेबलावर.
- चालू महिन्यात तिन्ही विषयांत काय शिकवलं जातंय त्याची यादी.

तुम्ही स्वतः एका विषयाचे असाल तर उरलेल्या दोन विषयांतल्या एकेका सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवा. मुलांचे प्रश्न विभागांच्या भिंती पाळत नाहीत.

## १. योग्य पेशंट निवडा

पहिल्या वर्षासाठी चांगला पेशंट म्हणजे ज्याची तक्रार साधी आहे, तब्येत स्थिर आहे आणि ज्याला बोलायला आवडतं. धाप, सूज, अशक्तपणा, मुंग्या, जुलाब, सतत लघवीला जाणं यातली कुठलीही एक तक्रार पुरेशी आहे.

टाळायचे पेशंट: अत्यवस्थ, नुकतीच वाईट बातमी कळलेले, मेडिकोलीगल (पोलीस-कोर्टाशी संबंधित) केस, थुंकीत टीबीचे जंतू सापडलेले, आणि परीक्षांच्या काळात दिवसभर तपासून घेऊन दमलेले. दुर्मिळ आजारही टाळा. दुर्मिळ नावाचं आकर्षण मेंटॉरला असतं. मुलं नाव पाठ करतात आणि शरीर कसं चालतं हा मुद्दा हातून सुटतो.

आदल्या दिवशी तुम्ही एकटे जाऊन पेशंटशी बोला. पंधरा मिनिटं बसून बोलणं त्यांना झेपेल का, भाषा कुठली, सोबत कोण आहे, हे बघा.

## २. संमती घ्या, तीही मुलांकडूनच घेववा

संमती म्हणजे पेशंटला समजेल अशा भाषेत बोलणं. मुलांना हे वाक्य आधी मोठ्याने म्हणायला लावा:

"नमस्कार मावशी. मी पहिल्या वर्षाला आहे, अजून डॉक्टर झालेलो नाही, शिकतोय. तुमच्या त्रासाबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही. मधेच थांबावंसं वाटलं तर सांगा."

मावशी, काका, आजी, ताई, दादा: वय बघून जे शोभेल ते. "बेड नंबर सात" हा शब्द गटात कुणी वापरला तर तिथेच थांबवून दुरुस्त करा. पेशंट "बरं" म्हणाले पण नजर चुकवत असतील, तर ती संमती धरू नका. आभार माना आणि दुसरीकडे जा. बाईंशी पाळीबद्दल बोलायचं असेल तर गटातल्या मुलींनी, पडद्याआड, नातेवाइकांना क्षणभर बाहेर थांबायला सांगून बोलावं.

सरकारी कॉलेजांत पंधरा टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या असतात, त्यामुळे गटात मराठी न येणारं कुणीतरी असणारच. त्याला मराठी बोलणाऱ्याबरोबर जोडी लावून द्या. भाषांतर करणाऱ्याने पेशंटचं वाक्य गाळून-चाळून सांगायचं नाही, शब्दशः सांगायचं.

हात पेशंटजवळ जाण्याआधी आणि नंतर धुवायचे, ही सवय याच पायरीवर लावा.

## ३. पेशंटचं वाक्य जसंच्या तसं उतरवा

बहुतेक गट इथेच घसरतात. पेशंट म्हणतात, "चढ चढला की काळीज धडधडतं, मग टेकावंच लागतं," आणि विद्यार्थी वहीत लिहितो 'डिस्प्निया, पाल्पिटेशन' (धाप, धडधड). त्या दोन शब्दांत चढ गेला, टेकणं गेलं. नेमकी तीच माहिती फिजिओलॉजीला हवी होती. म्हणून नियम ठेवा: पहिल्या पानावर फक्त पेशंटचे शब्द, अवतरण चिन्हात. वैद्यकीय शब्द दुसऱ्या पानावर.

मराठीत रोज ऐकू येणाऱ्या काही तक्रारी आणि त्यांतून निघणारे प्रश्न मुलांना आधी देऊन ठेवा:

"चक्कर येते." या एका शब्दात तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात. "घर गरगर फिरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते?" असं विचारा. घर फिरत असेल तर वाट आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांकडे जाते. उठताना अंधारी येत असेल तर मानेतल्या रक्तदाब मोजणाऱ्या संवेदकांकडे. उपाशीपोटी घाम सुटून येत असेल तर रक्तातल्या साखरेकडे.

"मुंग्या येतात." "कुठल्या बोटांना?" अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर मीडियन नर्व्ह आणि मनगटातली अरुंद वाट, करंगळी असेल तर अल्नर नर्व्ह आणि कोपराच्या मागची खोबण. दोन्ही पायांना मोज्यासारख्या असतील तर प्रश्न एका नसेचा राहत नाही. सगळ्यात लांब नसाच आधी का बिघडतात, असा होतो.

"पायात गोळे येतात." चालल्यावर येऊन थांबल्यावर जातात, की रात्री झोपेत? पहिल्यात रक्तपुरवठा, दुसऱ्यात स्नायू, नस आणि क्षार.

"अंगावरून जास्त जातं." शहरात वाढलेल्या मुलांना हे कळतच नाही. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होतो, असा त्याचा अर्थ. "अंगावर पांढरं जातं" ही वेगळी तक्रार. किती दिवस, दिवसाला किती वेळा पॅड किंवा कापड बदलावं लागतं, गाठी पडतात का, एवढं विचारलं की अंदाज येतो.

"वात धरलाय", "उष्णता झाली" अशी कारणंही पेशंट सांगतात. ती खोडून काढायला मुलं पुढे सरसावतात. त्यांना थांबवा. "म्हणजे नेमकं काय होतं?" एवढंच विचारायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं.

## ४. निदान झाकून ठेवा

केस पेपर मुलांच्या हातात देऊ नका. 'आयर्न डेफिशियन्सी अॅनिमिया' हे शब्द दिसले की विचार तिथेच संपतो. मोबाइल बाहेर येतो, लक्षणांची यादी पाठ होते आणि सगळ्यांना आपल्याला कळलं असं वाटतं. पहिल्या वर्षाच्या मुलाने निदान करावं अशी अपेक्षाच नाही. शरीरात काय घडलं म्हणून ही तक्रार आली, हे त्याने सांगायचं आहे.

तपासण्यांचे आकडे मात्र द्या, पण मागितल्यावर. "हिमोग्लोबिन बघायचंय" असं कुणी म्हणालं तर विचारा, "का बघायचंय? कमी निघालं तर काय समजायचं, नॉर्मल निघालं तर काय?" दोन्ही बाजूंचं उत्तर दिल्यावरच आकडा सांगा. सीनियर रेसिडेंट जाता जाता निदान बोलून जातात. त्यांनाही आधी कल्पना देऊन ठेवा.

## ५. "का?"ची उतरंड: एक केस पूर्ण उलगडून

पद्धत कळावी म्हणून ही नमुन्याची केस रचली आहे. अशा बाई कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात भेटतात. वय तिशीच्या आसपास, शेतात मजुरी. "बसून काही नाही, कळशी घेऊन चढ चढला की धाप लागते. अंगावरून जास्त जातं. माती खावीशी वाटते." नाडी मिनिटाला १०४, ऑक्सिमीटरवर ९८ टक्के, हिमोग्लोबिन दर १०० मिलि रक्तात ६.५ ग्रॅम.

पहिलं "का?": ऑक्सिजन ९८ टक्के असून धाप का?

बहुतेक मुलं ९८ बघून म्हणतात, ऑक्सिजन ठीक आहे. ऑक्सिमीटर टक्केवारी सांगतो, साठा सांगत नाही. एसटीच्या सगळ्या गाड्या भरून धावताहेत, पण डेपोत गाड्याच निम्म्या आहेत. उपमेवर थांबू नका, लगेच गणित करायला लावा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलि ऑक्सिजन वाहतं.

हिमोग्लोबिन १३ असताना: १३ × १.३४ × ०.९८ = सुमारे १७ मिलि, दर १०० मिलि रक्तात.
हिमोग्लोबिन ६.५ असताना: सुमारे ८.५ मिलि.

दुसरं "का?": मग बसल्यावर काहीच कसं होत नाही?

हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलतं असं धरा. पहिल्या स्थितीत मिनिटाला सुमारे ८५० मिलि ऑक्सिजन पोहोचतो, दुसऱ्या स्थितीत सुमारे ४२५. आरामात शरीराला लागतो साधारण २५०. म्हणजे बसल्यावर भागतं, पण जिथे तीस टक्क्यांच्या आसपास काढून घ्यायचा तिथे साठ टक्के काढून घ्यावा लागतो. कळशी घेऊन चढताना गरज कित्येक पटींनी वाढते आणि शिल्लक संपते. आता नाडी १०४ का, याचं उत्तर मुलं स्वतः देतात. हा आकडा एकदा स्वतः मांडलेला मुलगा 'ऑक्सिजन डिलिव्हरी' पुन्हा विसरत नाही, म्हणून इथे घाई करू नका. २० मिनिटं गेली तरी चालतील.

तिसरं "का?": साठ टक्के काढून घेणं शरीराला जमतं कसं?

आता हिमोग्लोबिन-ऑक्सिजनचा तो एस आकाराचा वक्र बाहेर काढा. लाल पेशींत २,३-बीपीजी हे हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल करणारं रसायन वाढतं, वक्र उजवीकडे सरकतो, ऑक्सिजन ऊतींना सहज सुटतो. बायोकेमिस्ट्रीत ग्लायकोलिसिसची (ग्लुकोज फोडण्याच्या क्रियेची) ती बाजूची वाट कशासाठी शिकवली, हे इथे कळतं.

चौथं "का?": हिमोग्लोबिन कमी का झालं?

लोहाचा जमाखर्च मांडा. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिग्रॅ लोह. पाळीत ८० मिलि रक्त जात असेल आणि सुरुवातीचं हिमोग्लोबिन १३ धरलं, तर १०.४ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे महिन्याला ३५ मिग्रॅ लोह गेलं. रोजचा हिशेब सव्वा मिग्रॅच्या जवळपास. त्यात शरीरातून एरवी जाणारं सुमारे १ मिग्रॅ मिळवा. जमेच्या बाजूला: रोजच्या जेवणात १५ मिग्रॅ लोह आहे आणि त्यातलं पाच ते दहा टक्के शोषलं जातं असं धरलं, तर पाऊण ते दीड मिग्रॅ. खर्च सव्वादोन. तूट महिनोन्महिने चालली की आधी साठा संपतो आणि मग हिमोग्लोबिन उतरतं.

पाचवं "का?": भाकरी, भाजी खाऊनही शोषण इतकं कमी का?

ज्वारी-बाजरीतलं फायटेट आणि चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याचं रूप बदलतं आणि ते आत जाऊ शकतं. कुठून आत जातं? ड्युओडेनममधून, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागातून. कुठल्या दारातून? डीएमटी-१. बाहेर कुठून पडतं? फेरोपोर्टिन. दाराला कुलूप कोण लावतं? यकृतातलं हेपसिडिन. आता ड्युओडेनमची हिस्टॉलॉजीची स्लाइड काढा. विलाय, म्हणजे आतड्याच्या आतले बोटांसारखे उंचवटे, बघताना मुलांचे डोळे वेगळे असतात.

अॅनाटॉमीची दोन दारं अजून उघडायची आहेत. रक्त कुठून जातंय? गर्भाशयाच्या आतल्या थरातल्या नागमोडी धमन्या, युटेराइन आर्टरी, आणि तिच्याखालून जाणारी मूत्रवाहिनी. रक्त बनतं कुठे? प्रौढ वयात उरोस्थी, मणके, कंबरेचं हाड. म्हणून मॅरो तपासायला सुई तिथेच घालतात.

माती खावीशी का वाटते, याचं पूर्ण उत्तर अजून विज्ञानाकडे नाही. तसं मुलांना सांगा. "इथे पुस्तकही थांबतं" हे कळणंही शिक्षण आहे.

या पायरीवर मेंटॉरच्या चुका. पहिली चूक म्हणजे उत्तर देऊन टाकणं. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. शांतता जड वाटते, पण विचार त्याच वेळात होतो. तरीही कुणी बोललं नाही तर उत्तर देऊ नका, प्रश्न लहान करा: "धाप" अवघड जात असेल तर "श्वास वाढवायचा हुकूम कोण देतं?" दुसरी चूक, फार खोल उतरणं. जीनच्या पातळीवर गेलात आणि बाईंची कळशी विसरलात, तर उतरंड कोसळली. तिसरी चूक, हुशार मुलाशीच बोलत राहणं. क्रमाने विचारा, आणि गप्प मुलाला गणिताचा भाग द्या. आकड्यांत चूक सापडली तर लाज कमी वाटते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ही चर्चा मराठीत करू द्या आणि नंतर तीच इंग्रजीत लिहायला लावा. गप्प मुलाला बहुतेक वेळा विषय येत असतो, वाक्य येत नसतं.

## ६. प्रश्न वाटून द्या

पहिल्या भेटीच्या शेवटी फळ्यावर दहा-बारा प्रश्न उरतात. प्रत्येकाला एकच द्या. उत्तर हाताने लिहिलेलं, एका पानात, एका आकृतीसह, पाठ्यपुस्तकातून शोधलेलं. पानाच्या तळाशी एक ओळ सक्तीची: "मला अजून हे कळलेलं नाही: ..." ही ओळ कोरी असलेलं पान परत करा.

मोबाइलवरच्या एआयकडून तयार उत्तर आणलं तर ते लगेच ओळखू येतं, कारण त्यात या बाईंचा आकडा नसतो. रागावू नका. "यात ६.५ कुठे बसतं ते दाखव" म्हणा. दाखवता आलं तर मुलगा शिकला आहे.

दुसऱ्या भेटीत प्रत्येकाला पाच मिनिटं. पान वाचून दाखवायचं नाही, फळ्यावर काढून सांगायचं. बाकीच्यांनी प्रत्येकी एक प्रश्न विचारायचाच.

## ७. एक गोष्ट बदलून बघा

समजलं की पाठ झालं, हे तपासायचा खात्रीचा मार्ग म्हणजे केसमधली एक गोष्ट बदलणं.

"हिमोग्लोबिन तेच ६.५, पण अपघातात दोन तासांत एवढं झालं. या बाई कळशी उचलतील का?" इथे मुलांना कळतं की २,३-बीपीजी, प्लाझ्मा आणि हृदय यांना जुळवून घ्यायला वेळच मिळाला नाही, आणि रक्ताचं आकारमानही घटलेलं आहे.

"हिमोग्लोबिन १३ आहे, पण बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू होता आणि निम्म्या हिमोग्लोबिनवर कार्बन मोनॉक्साइड बसला आहे." वाहून न्यायची ताकद कागदावर तेवढीच उरते, तरी हा माणूस बेशुद्ध पडतो. का? कारण वक्र डावीकडे सरकतो आणि उरलेला ऑक्सिजनही सुटत नाही. साधा ऑक्सिमीटर इथेही नॉर्मल दाखवतो, हे सांगायला विसरू नका. पुढे कॅज्युअल्टीत ते कामी येणार आहे.

## ८. पुन्हा पेशंटकडे जा

तिसरी भेट वेळेअभावी गळते. ती गाळू नका. आता मुलांनी पेशंटला विचारायचं असतं: गोळ्या चालू झाल्या का, संडास काळी होते म्हणून भीती वाटून बंद केल्या का, चहाबरोबर घेतात का? शासकीय पुरवठ्यातल्या मोठ्यांच्या गोळीत ६० मिग्रॅ लोह असतं. त्यातलं न शोषलेलं लोह संडास काळी करतं, हे मुलांनी स्वतः शोधून काढलेलं असावं. रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या लाल पेशी) आठवडा-दहा दिवसांत वाढतात, हिमोग्लोबिन चढायला काही आठवडे लागतात, आणि ते भरल्यावरही साठा भरण्यासाठी गोळ्या सुमारे तीन महिने चालू राहतात. "बरं वाटतंय, मग अजून कशाला गोळ्या?" या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर फेरिटिनमध्ये, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनात, आहे.

सल्ला मात्र मुलांनी परस्पर द्यायचा नाही. जे सापडलं ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं. त्यांनी हो म्हटलं तर त्यांच्या समोर पेशंटला समजावायचं. एखाद्या उत्साही मुलाने "ही गोळी बंद करा" म्हटलं तर नुकसान पेशंटचं होतं.

निघताना मावशींचे आभार मानून त्यांच्यामुळे काय शिकलो ते एका वाक्यात सांगायला लावा. याच भेटीत कधी कधी मुलं हलून जातात: पैशाअभावी उपचार थांबलेले दिसतात, वॉर्डमध्ये शेजारी मृत्यू होतो. बाहेर आल्यावर दहा मिनिटं बसा आणि बोलू द्या. दोन-तीन दिवसांनीही कुणी नीट जेवत-झोपत नसेल तर कॉलेजच्या समुपदेशकांशी गाठ घालून द्या.

## ९. नोंद ठेवा, ओळख ठेवू नका

वहीत नाव, गाव, केस पेपरचा नंबर, फोन नंबर यातलं काहीही नको. वय "तिशीच्या आसपास" असं लिहा. केस पेपरचा, एक्स-रेचा किंवा पेशंटचा फोटो काढायचा नाही, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेशंटबद्दल काहीच टाकायचं नाही, तिथे फक्त प्रश्न टाका, उदाहरणार्थ "हेपसिडिन कधी वाढतं?" लहान गावात 'अमुक पाड्यावरची, अमुक काम करणारी' एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

एका केसची दोन पानं पुरतात: पेशंटचं वाक्य, "का?"ची उतरंड, एक गणित, एक आकृती, आणि शेवटपर्यंत न सुटलेला प्रश्न. लॉगबुकमध्ये त्याच दिवशी सही करा. महिन्याच्या शेवटी एकदम सह्या केल्या की मुलंही शेवटच्या रात्री एकदम केस लिहून काढतात.

## १०. "हे परीक्षेत येणार का?"

पहिल्या आठवड्यात हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. उत्तर टाळू नका. प्रत्येक केसनंतर जुन्या प्रश्नपत्रिका काढा आणि या दोन पानांतून सुटणारे प्रश्न मुलांनाच शोधायला सांगा. वरच्या एका केसमधून ऑक्सिजनचं वहन, लोहाचं शोषण, एरिथ्रोपोइसिस (लाल पेशी बनणं), गर्भाशयाचा रक्तपुरवठा आणि ड्युओडेनमची रचना एवढं निघतं. पाठांतर वाईट आहे असं मात्र सांगू नका. ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, पाठच करावा लागतो. पेशंटमुळे तो डोक्यात टिकतो.

## ११. पुढच्या केस कशा निवडायच्या

वर्गात जे चालू आहे त्याच महिन्यात ती केस आणा. दोन महिन्यांचं अंतर पडलं की उपयोग निम्मा.

हाताची अॅनाटॉमी चालू असताना: दंडाचं हाड मधोमध मोडून मनगट लोंबणारा पेशंट. बोटं आणि मनगट वर होत नाही, पण कोपर सरळ होतो. का? कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्स स्नायूकडे जाणाऱ्या काही फांद्या, रेडियल नर्व्ह हाडाच्या खोबणीत शिरण्याआधीच, तिच्यातून निघालेल्या असतात. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मागच्या बाजूला बधिरपणा तपासायला लावा.

आतड्याची फिजिओलॉजी चालू असताना: जुलाब झालेलं, सावरलेलं मूल. "पाणी पाजलं तरी बाहेरच पडतं," असं आई सांगते. साधं पाणी आणि ओआरएस यांत फरक काय? कॉलऱ्यासारख्या जुलाबात क्लोराइड बाहेर ओतणारं दार उघडं पडतं, पण ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारं एसजीएलटी-१ शाबूत असतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच आधारावर साखर-मिठाचं पाणी पाजून हजारोंवर उपचार केले. मग पाकीट वाचायला लावा: २०.५ ग्रॅम, एक लिटर पाण्यासाठी, लिटरमागे सोडियम ७५ मिलिमोल, ग्लुकोज ७५ मिलिमोल, एकूण ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) २४५. घरी होणारी नेहमीची चूक म्हणजे लिटरचं पाकीट एका पेल्यात घालणं. २०० मिलि पाण्यात ते घातलं तर ऑस्मोलॅरिटी १२२५ होते, आणि पाणी आतड्यात उलटं ओढलं जातं. बाजारात २०० मिलिची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून आधी पाकीट वाचायचं, हे आईला सांगणं का गरजेचं आहे ते मुलांना त्या गणितातून कळतं.

ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम (आपोआप चालणाऱ्या कामांची चेतासंस्था) चालू असताना: कोकणात असाल तर लाल विंचू दंशातून बरा झालेला पेशंट. विष सोडियम चॅनल बंद होऊ देत नाही, नसांच्या टोकांतून रसायनांचा पूर येतो: घाम, उलट्या, गार हातपाय, चढलेला रक्तदाब, आणि पुढे फुफ्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशात प्राझोसिन हे अल्फा-१ रिसेप्टर बंद करणारं औषध वापरून ते जगासमोर मांडलं. अल्फा-१ रिसेप्टर बंद केल्याने काय काय उलटतं ते मुलांनी फळ्यावर मांडावं. हा प्रश्न राखून ठेवा: हात गार पडणं आणि घाम येणं दोन्ही सिम्पथेटिक नसांचंच काम, मग टोकाशी सुटणारं रसायन वेगळं का?

नस आणि स्नायूचा सांधा शिकताना: मण्यार चावून व्हेंटिलेटरवरून सुटलेला पेशंट. रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखलं, मग पापण्या मिटायला लागल्या. नागाच्या विषाने आलेल्या अशक्तपणात निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग होऊ शकतो, मण्यारच्या विषात सहसा होत नाही. एक विष सांध्याच्या कुठल्या बाजूला बसतं आणि दुसरं कुठल्या, एवढ्यावर तासभर चर्चा होते.

प्रथिनांची रचना शिकताना: विदर्भात किंवा नंदुरबारकडे असाल तर सिकल सेल. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन. एवढ्याशा बदलाने थंडीत किंवा पाणी कमी पडल्यावर हाडं का दुखतात? इथे काळजी अशी घ्या की वाहक कोण आहे हे घरच्यांसमोर किंवा वॉर्डमध्ये मोठ्याने विचारायचं नाही. मुलींची लग्नं त्यावरून मोडतात.

वर्षभरात अशा सहा-सात केस नीट झाल्या तरी पुरे. पहिली मात्र रक्त कमी असलेल्या मावशींचीच घ्या: त्या आठवड्यात शोधायला जाल तर कुठल्याही ओपीडीत भेटतील, आणि गणिताला फक्त कागद-पेन लागतं.